दादाबरोबर तीन तुकडे पाठवतेय

डोंबिवली, १२ जुलै

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे सगळं फोनवरच सांगणार होते. पण बाबा नुसते ‘हो हो’ म्हणतात आणि फोन आईकडे देतात, आई ‘जेवलीस का’ विचारते, आणि मुद्दा राहूनच जातो. म्हणून लिहिलं. कागद फ्रीजवर लावा.

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आईच्या मागचा टीव्हीशेजारचा कोपरा रिकामा दिसला. फिलोडेंड्रॉनचा वेल कुठे गेला विचारलं तर आई म्हणाली, “अगं, तो उन्हाळ्यातच गेला. तुला कशाला उगाच सांगायचं!” आईच्या गुडघ्याचंही मला असंच कळलं होतं, शेजारच्या काकूंकडून. असो, त्यावर दिवाळीत भांडू.

तो का गेला, ते दादाने सांगितलं. बाबा सकाळी फिरून आले की तांब्याभर पाणी घालायचे आणि आई संध्याकाळी दिवा लावायच्या आधी. दुसऱ्याच्या लक्षात राहत नाही अशी दोघांचीही खात्री! त्यात कुंडीत काळी माती. बाबा, मिरजेच्या मातीला मी नावं ठेवत नाही, उसाला आणि हळदीला ती सोनंच आहे. पण हा वेल मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या उष्ण जंगलांतला, झाडांच्या खोडांवर चढून राहणारा. ग्रीक नावाचा अर्थच ‘झाडावर प्रेम करणारा’. त्याच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. काळी माती पाणी धरून बसते, मुळं गुदमरून कुजतात, पानं पिवळी पडतात. मग आपल्याला वाटतं, तहानला असेल, की ओता आणखी एक तांब्या.

पण तो पुरता गेलेला नाही. चार वर्षांपूर्वी मी त्याचाच हातभर तुकडा ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून इथे आणला होता. आई, तू म्हणाली होतीस, मागून नेलेला जगत नाही, चोरून ने. आणि मला चोरता यावं म्हणून मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिलीस. (खरं तर ते मनी प्लांटबद्दल म्हणतात, आणि हा मनी प्लांट नव्हे, कितीही सारखा दिसला तरी. याचं नवं पान पातळ खोळीत गुंडाळलेलं येतं. पान उलगडलं की खोळ वाळून गळते. मनी प्लांटला अशी खोळ नसते.)

इथे आल्यावर मी आधी मूर्खपणा केला. सगळ्यात देखणं पान देठासकट तोडून ग्लासात ठेवलं. चार महिने ते हिरवंगार राहिलं, पण कोंब काही फुटेना. फुटणार कुठून? कोंब फुटतो तो पेरातून, म्हणजे देठ जिथे खोडाला चिकटतो त्या गाठीतून. उसाचं कांडं डोळ्याशिवाय लावून काय उगवणार! बाबांना हे मी काय सांगायचं. पेराशी एक तपकिरी टोकही दिसेल, मोहरीपेक्षा थोडं मोठं. ते हवेतलं मूळ. पाण्यात गेलं की पांढरं पडतं आणि लांबायला लागतं. मागच्या खेपेला अकराव्या दिवशी पहिलं टोक दिसलं, तर मी ऑफिसला उशिरा गेले.

दादा शनिवारी तीन तुकडे आणतोय. एकाला बोटभर मुळं आली आहेत, तो थेट छोट्या कुंडीत लावा. मोठ्या कुंडीतली माती लवकर वाळत नाही, त्यामुळे तळाला भोक असलेली लहानच घ्या. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), उरलेल्यात थोडी माती आणि परलाईट (माती मोकळी ठेवणारे पांढरे हलके दाणे). दोन्हीच्या पिशव्या दादाकडे दिल्यात.

उरलेले दोन कोरे आहेत. ते पाण्यात ठेवा. पेर बुडालं पाहिजे, पान बुडता कामा नये. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. उजेड भरपूर हवा, ऊन थेट नको. देवघराशेजारची खिडकी चालेल. खालचं टोक मऊ पडून वास आला तर तेवढं कापून टाका आणि पुन्हा ठेवा. सध्या पावसाळी हवा आहे, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत मुळं यायला हरकत नाही. मुळं दोन इंच झाली की कुंडीत.

कापताना चीक निघतो, तो खाजतो. आई, हा अळूच्याच कुळातला. त्याच सुयांसारख्या बारीक स्फटिकांचा त्रास, आणि इथे चिंच-आमसूल घालूनही उपयोग नाही. हात धुवा, आणि मांजराला पान चावू देऊ नका.

पाण्याची वाटणी अशी: आईने मातीत बोट घालून बघायचं. वरची पेरभर माती कोरडी लागली तरच बाबांना सांगायचं, आणि पाणी बाबांनीच घालायचं. आईने सांगितल्याशिवाय बाबांनी तांब्या उचलायचा नाही, आणि आईने तर मुळीच नाही.

आणि एवढं करून गेलाच, तर त्याच दिवशी फोन करा. माझ्याकडच्या वेलावर अजून बरीच पेरं आहेत.

तुमची,
मनू

ता. क. तुकडे ज्या बरणीत आहेत ती तुमचीच, लोणच्याची. दादाबरोबर परत पाठवा. रिकामी नको.