प्रत्यारोपण समन्वयक मॅडमना एक उघड आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

माझ्या पत्नीने दिलेली किडनी २०१६ सालापासून माझ्या ओटीपोटात उजव्या बाजूला बिनतक्रार काम करीत आहे, आणि गेल्या श्रावणात ती धोक्यात आली असता आपण एका फोनवर ते ओळखलेत, याबद्दल हे पत्र लिहीत आहे. समोर आभार मानू लागलो की आपण लगेच पुढच्या तपासणीची तारीख विचारता, म्हणून हा लेखी मार्ग.

छातीत धडधड होऊन नाडी अनियमित झाली, तेव्हा घराजवळच्या एका दवाखान्यात एट्रियल फिब्रिलेशनचे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे ठोके अनियमित होण्याच्या विकाराचे) निदान झाले. निदान अचूक होते. ठोके आवरण्यासाठी मात्र डिल्टियाझेम लिहून दिले गेले; शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायचे टॅक्रोलिमस चालू असल्याचे मी सांगितले होते, पण ते केसपेपरवर उतरलेच नाही. आठवड्याभरात हात असे थरथरू लागले की उचललेल्या बशीत कप खडखडत असे. वयाचा दोष म्हणून मी ते सोडूनही दिले असते. नेहमीच्या तपासणीची आठवण देण्यासाठी आपला फोन आला आणि पत्नीने सहज ते सांगितले. "सगळ्या स्ट्रिप जवळ घ्या आणि एकेक नाव वाचा," असे आपण म्हणालात, आणि पाचव्या नावावर मला थांबवलेत.

टॅक्रोलिमसचा निचरा करणाऱ्या यकृतातील विकरालाच (एन्झाइमलाच) डिल्टियाझेम अडवते, त्यामुळे नेहमीच्या डोसातही रक्तातील पातळी चढत जाते आणि चढलेली पातळी किडनीलाच इजा करते, हे आपण ज्या शांतपणे समजावलेत, ती शांतता मला आजही आठवते. दुसऱ्या दिवशी सकाळची गोळी न घेता रक्त दिले. एरवी सहा-सातच्या आसपास असणारी पातळी १७ निघाली, किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारे क्रिएटिनिन १.३ वरून १.९ वर गेले होते. किडनीच्या आणि हृदयाच्या डॉक्टरांचे आपण बोलणे घडवून आणलेत. डिल्टियाझेम जाऊन मेटोप्रोलॉल आले.

रक्त पातळ करण्याच्या गोळीचा प्रश्न त्याहून अवघड होता. मला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही असल्यामुळे हृदयात गुठळी होऊन पक्षाघात होण्याचा धोका टाळणे भागच होते. डाबिगाट्रान ही तशी एक गोळी, पण ती बहुतांशी किडनीवाटे बाहेर पडते म्हणून डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली आणि अ‍ॅसिट्रॉम सुरू करून आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) २ ते ३ च्या दरम्यान ठेवण्यास सांगितले. पालेभाज्यांतील 'के' जीवनसत्त्वाने या गोळीचा परिणाम कमी होतो, म्हणून आमच्याकडे लगोलग मेथी-पालक बंद झाले. पालेभाजी सोडायची नाही, फक्त दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायची, हे आपण पत्नीला सांगितलेत, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला (माझाही, कारण दुधीला मी कंटाळलो होतो). पुढे लघवीच्या संसर्गासाठी को-ट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक लिहून मिळाले, तेव्हा ते घेण्याआधी मी आपल्याला फोन केला, कारण त्याने आयएनआर वाढतो हे आपणच बजावले होते. डॉक्टरांनी औषध बदलून दिले.

परवाचा आयएनआर २.४ आहे आणि क्रिएटिनिन पुन्हा १.३ वर स्थिरावले आहे. पुढच्या महिन्यात एक दाढ काढायची आहे. अ‍ॅसिट्रॉमचे काय करायचे हे आपल्यामार्फत डॉक्टरांना विचारल्याशिवाय दंतवैद्यांची वेळ घेणार नाही.

आपला ऋणी,
एक किडनी प्रत्यारोपित रुग्ण, पुणे