‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी व्होल्टेज मोजा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेमच्या छंदावर आलेला लेख आवडीने वाचला. सुट्टीत भाड्याने आणलेल्या कॅसेटी, त्यांच्यावर छापलेले ‘९९९९९९९ इन १’ आणि पडद्यावर चित्र उमटले नाही की कॅसेट काढून फुंकण्याची सवय, हे सगळे माझ्या पिढीने पोटभर अनुभवले आहे. लेखातील एक वाक्य मात्र मनाला लागले. एसडी कार्ड बसवून शेकडो खेळ चालवणारी नवी कॅसेट, म्हणजे फ्लॅश कार्ट्रिज, जुन्या यंत्रावर चालली नाही तर यंत्राचे आयुष्य संपले असे समजावे, असा त्या वाक्याचा आशय होता. तो समज चुकीचा आहे, आणि त्यापायी दुरुस्त होण्याजोगी यंत्रे भंगारात जात आहेत, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत मोजमापाच्या उपकरणांचे कॅलिब्रेशन करतो आणि सुट्टीच्या दिवशी घरी जुने कन्सोल दुरुस्त करतो. गेल्या बारा वर्षांत ‘बोर्ड गेला आहे’, म्हणजे आतील मुख्य सर्किट निकामी झाले आहे, असे ऐकून माझ्याकडे आलेल्या यंत्रांपैकी ज्यांचा बोर्ड खरोखरच गेला होता अशी फार थोडी निघाली. बाकीच्यांचा दोष वीजपुरवठ्यात, संपर्काच्या पट्ट्यांत किंवा एसडी कार्डात होता.

गेल्या दिवाळीत शेजारचे काका त्यांचा सेगा मेगा ड्राइव्ह घेऊन आले. शॉ वॉलेस कंपनीने १९९५ मध्ये हे यंत्र भारतात विक्रीला आणले होते आणि त्याच सुमारास काकांनी ते मुलासाठी घेतले होते. मुलगा आता परदेशी असतो. त्याने येताना एक चांगली फ्लॅश कार्ट्रिज आणली, परंतु तिचा मेनू क्षणभर दिसून पडदा काळा होत असे. जुनी कॅसेट मात्र व्यवस्थित चालत होती. एका दुरुस्तीच्या दुकानात त्यांना बोर्ड गेल्याचे सांगण्यात आले आणि यंत्र तेथेच ठेवून गेल्यास काही पैसे देण्याची तयारीही दाखवण्यात आली. तेथे कोणी मल्टिमीटर लावलाच नव्हता, असे काकांनी मला सांगितले.

मी यंत्र उघडून कॅसेटच्या खाचेजवळ ५ व्होल्टच्या वाहिनीवर मीटर धरला. जुनी कॅसेट असताना ४.९ व्होल्ट मिळाले. फ्लॅश कार्ट्रिज लावताच आकडा ४.५ वर आला आणि तेथे डगमगू लागला. मूळ अॅडॉप्टर कधीच हरवला होता आणि त्याच्या जागी बाजारातला, बटण फिरवून व्होल्टेज निवडायचा अॅडॉप्टर आला होता. त्यावर ९ व्होल्ट आणि ३०० मिलिअँपिअर असे छापलेले होते. यंत्राच्या आतील ७८०५ हा व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर बाहेरून किमान ७ व्होल्टच्या आसपास मिळाले तरच स्थिर ५ व्होल्ट देतो. त्या अॅडॉप्टरवर भार पडला की त्याचे ९ व्होल्ट साडेसहावर येत होते. जुन्या कॅसेटीत एखाददुसरी चिप असते आणि ती अगदी कमी वीज घेते. फ्लॅश कार्ट्रिजमध्ये एफपीजीए (हवी तशी घडवता येणारी चिप), मेमरी आणि एसडी कार्ड अशी तीन मागणी करणारी मंडळी असतात. काठावर चालणारे यंत्र एवढ्या जादा भाराने कोलमडते आणि पाहणाऱ्याला वाटते की दोष नव्या कॅसेटीत तरी आहे किंवा बोर्डात तरी. योग्य अॅडॉप्टर लावल्यावर मीटर ४.९८ वर थांबला आणि काकांनी त्याच संध्याकाळी नातवाबरोबर दोन तास खेळ केला.

अॅडॉप्टरविषयी येथे थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण यंत्र कायमचे जाण्याचा खरा धोका येथेच आहे. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या आवृत्तीला पिनच्या मध्यभागी ऋण ध्रुव लागतो आणि दुसऱ्या आवृत्तीला धन. निन्टेंडोच्या जपानी फॅमिकॉम आणि सुपर फॅमिकॉम या यंत्रांनाही मध्यभागी ऋण ध्रुवच हवा. आपल्याकडे सीसीटीव्हीसाठी सर्रास मिळणाऱ्या १२ व्होल्टच्या अॅडॉप्टरचा मध्य धन असतो. ध्रुव जुळले तरी ते १२ व्होल्ट रेग्युलेटरला सोसत नाहीत. यंत्र पाऊण अँपिअर घेत असेल, तर ९ व्होल्टवर रेग्युलेटरला सुमारे ३ वॉट उष्णता बाहेर टाकावी लागते आणि १२ व्होल्टवर ती सव्वापाच वॉट होते. अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेल्या एनईएसचा, म्हणजे फॅमिकॉमच्या परदेशी आवृत्तीचा, मूळ अॅडॉप्टर तर ९ व्होल्टचा एसी आहे. एनईएसच्या आत एसीचे डीसी करणारा रेक्टिफायर असल्याने त्याला तो चालतो, परंतु तोच फॅमिकॉमला लावला तर मोठे नुकसान होऊ शकते. यंत्राच्या तळाशी आणि अॅडॉप्टरवर छापलेली आकृती शेजारी शेजारी धरून पाहिल्याशिवाय वीज देऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

वीज ठीक असेल तर संपर्काच्या पट्ट्यांकडे वळावे. कोकणातून येणाऱ्या यंत्रांत खाचेतील पिनांवर हिरवट थर हमखास आढळतो. अशा वेळी काही कारागीर कॅसेटीच्या पट्ट्यांवर पॉलिश पेपर फिरवतात. त्या पट्ट्यांवरचा सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. तो एकदा खरवडून गेला की खालचा धातू उघडा पडतो, आठवडाभर सगळे झकास चालते आणि पुढच्या पावसाळ्यात दोष दुपटीने परत येतो. फुंकण्याचेही तेच. फुंकल्याने चालत असे, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पण त्यात कॅसेट काढून पुन्हा बसवण्याचा वाटा मोठा होता आणि तोंडातला ओलावा मात्र पिनांवर मागे राहत होता. ९९ टक्के शुद्धतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी एवढेच साहित्य पुरते. काडी काळी यायची थांबेपर्यंत पुसावे, पूर्ण वाळू द्यावे आणि कॅसेट बंद यंत्रातच घालावी किंवा काढावी.

स्वस्त नकली फ्लॅश कार्ट्रिजविषयी एक निरीक्षण नोंदवतो. एनईएस आणि सुपर निन्टेंडोच्या मूळ कॅसेटीतील सर्किट बोर्ड १.२ मिलिमीटर जाडीचा असतो. माझ्याकडे आलेल्या एका नकली कार्ट्रिजचा बोर्ड व्हर्नियरने मोजला तेव्हा तो १.६ मिलिमीटर भरला आणि त्याची कडही तासलेली नव्हती. असा बोर्ड दाबून बसवला की खाचेतील पिना फाकतात. त्यानंतर नवी कॅसेट घट्ट बसते म्हणून चालते आणि मूळ कॅसेट सैल पडते म्हणून चालत नाही. मालक म्हणतो, जुनी कॅसेट खराब झाली.

याच नकली मालात आणखी एक दोष असतो आणि तो अधिक गंभीर आहे. त्या काळची यंत्रे ५ व्होल्टवर चालतात, तर आजच्या फ्लॅश मेमरी चिप बहुधा ३.३ व्होल्टच्या असतात. चांगल्या उत्पादकाच्या कार्ट्रिजमध्ये या दोहोंच्या मध्ये पातळी बदलणाऱ्या वेगळ्या चिप बसवलेल्या असतात. खर्च वाचवण्यासाठी त्या गाळल्या की मेमरीला सोसण्यापेक्षा जास्त व्होल्टेज मिळते आणि यंत्राच्या चिपलाही नको तेवढा प्रवाह ओढावा लागतो. अशी कार्ट्रिज कधी चालते, कधी चित्रात कचरा दाखवते आणि तापली की बंद पडते. निदान करताना ती वारंवार चालू-बंद करून पाहणे म्हणजे यंत्रावर प्रयोग करणे होय. कार्ट्रिज दुसरी घेता येते. मेगा ड्राइव्हची किंवा फॅमिकॉमची मूळ चिप मात्र आता कोठेही तयार होत नाही. उघडून पाहिल्यावर त्या मधल्या चिप दिसल्या नाहीत, तर मी ती कार्ट्रिज पुन्हा लावत नाही.

एसडी कार्डाचे दोष निरुपद्रवी, पण सर्वांत जास्त आढळणारे. हल्ली लहान कार्ड सहज मिळत नाही म्हणून लोक ६४ किंवा १२८ जीबीचे आणतात. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे कारखान्यातूनच एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि अनेक फ्लॅश कार्ट्रिजना केवळ फॅट३२ ही जुनी पद्धत समजते. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या चौकटीत एवढ्या मोठ्या कार्डासाठी तो पर्याय बहुधा दिसतही नाही. खरे तर मोठ्या कार्डाची गरजच नाही. मेगा ड्राइव्हचे त्या काळचे मोठ्यात मोठे खेळही चार-पाच एमबीचे आहेत, त्यामुळे ८ जीबीत अख्खा संग्रह मावून जागा उरते. कार्डाच्या पहिल्या पातळीवर उत्पादकाने दिलेला प्रणालीचा फोल्डर त्याच नावाने असावा लागतो. निन्टेंडो ६४ च्या एव्हरड्राइव्ह ६४ या फ्लॅश कार्ट्रिजसाठी तो ‘ईडी६४’ या इंग्रजी अक्षरांचा आहे. तो दुसऱ्या फोल्डरच्या पोटात गेला की मेनूच उघडत नाही. बाजारात क्षमता खोटी लिहिलेली कार्डेही भरपूर आहेत. पहिले काही खेळ चालतात आणि नंतर कॉपी केलेले अर्ध्यावर अडकतात, तेव्हा प्रथम कार्डाचा संशय घ्यावा आणि ‘एच२टेस्टडब्ल्यू’सारख्या मोफत साधनाने ते पूर्ण भरून तपासावे.

आपल्याकडच्या घरांत मूळ एनईएसपेक्षा फॅमिकॉमच्या नकला अधिक होत्या. त्यांना ६० पिनांची कॅसेट लागते, तर अमेरिकी एनईएसला ७२ पिनांची. परदेशातून मागवताना ही गल्लत होते आणि कार्ट्रिज खाचेत बसतच नाही. पिनसंख्या जुळली तरी काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली सगळे सर्किट एकाच चिपमध्ये असलेल्या नकली यंत्रांवर महागडी फ्लॅश कार्ट्रिजही पूर्ण चालेलच असे नाही, कारण त्यांचे अंतर्गत संकेत मूळ यंत्राशी तंतोतंत जुळत नाहीत. काही नकलांत आवाजाचा पोत वेगळाच येतो. तो बिघाड नव्हे, त्या चिपची घडणच तशी आहे. अशा वेळी कार्ट्रिज ओळखीच्या कोणाकडील मूळ यंत्रावर लावून पाहिल्याशिवाय दोष कोणालाच देऊ नये. मूळ एनईएसवर लाल दिवा सेकंदासेकंदाला उघडझाप करत असेल, तर कॅसेट अधिकृत आहे का हे तपासणाऱ्या, यंत्रातील कुलूप-चिपची कॅसेटीतील चिपशी ओळख पटत नाही असे समजावे. तेथेही बहुतेक वेळा खाचेची सफाई किंवा नवी खाच पुरते.

गेम बॉय या हातात धरायच्या यंत्राच्या बाबतीत एका छोट्या भागाने मला पूर्वी दोन रविवार फिरवले. माझ्या भाचीचा गेम बॉय कलर फ्लॅश कार्ट्रिज लावली की मध्येच आपोआप नव्याने सुरू होई. सेल नवे होते, पट्ट्या स्वच्छ होत्या, कार्डही खरे होते. शेवटी चालू-बंद करण्याच्या सरकत्या बटणाच्या दोन बाजूंना मीटर लावला, तेव्हा बटणातच व्होल्टेज हरवत असल्याचे दिसले. वर्षानुवर्षांच्या मळाने त्याचा रोध वाढला होता. थोडे अल्कोहोल सोडून बटण वीस-पंचवीस वेळा सरकवल्यावर यंत्र बिनतक्रार चालले. ज्यांच्याकडे मीटर नाही त्यांनीही सेल काढून ही सफाई अवश्य करून पाहावी.

खेळाची प्रगती जतन होत नाही, हीसुद्धा नेहमीची तक्रार असते. ज्या फ्लॅश कार्ट्रिजमध्ये सेल नसतो, त्यांच्या अनेक प्रकारांत यंत्र बंद करण्यापूर्वी रीसेट दाबून मेनूवर यावे लागते, तेव्हाच नोंद कार्डावर उतरते. सेल असलेल्या कार्ट्रिजमध्ये ३ व्होल्टचा बटणसेल उतरला की कार्डावर न उतरलेली नोंद पुसली जाते. सेल बदलण्याआधी कार्डाची प्रत संगणकावर घ्यावी.

खेळांच्या प्रतींविषयीही लिहिले पाहिजे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२ नुसार संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला ती नष्ट होण्यापासून केवळ तात्पुरते संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. ज्याच्याकडे मूळ कॅसेट आहे, त्याने तिची झीज टाळण्यासाठी फ्लॅश कार्ट्रिज वापरणे मला रास्त वाटते. या जुन्या यंत्रांसाठी आजही नवे खेळ लिहिणारे हौशी लोक आहेत आणि त्यांचे काम खऱ्या यंत्रावर पाहण्याचा हाच सोपा मार्ग आहे.

पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर बसणाऱ्या आमच्या कारागीर बंधूंच्या हातात माझ्यापेक्षा अधिक कसब आहे, हे मी मनापासून मानतो. त्यांना एवढीच विनंती आहे की ग्राहकाला निकाल सांगण्यापूर्वी कॅसेट लावलेल्या स्थितीत ५ व्होल्टची वाहिनी मोजावी, मिळालेला आकडा पावतीवर लिहून द्यावा आणि पॉलिश पेपर खणात ठेवावा. आपल्या पुरवणीने जुन्या यंत्रांच्या अॅडॉप्टरचे व्होल्टेज आणि ध्रुव दाखवणारी एक छोटी चौकट छापली, तर अनेक घरांतील माळ्यावरची यंत्रे चुकीच्या अॅडॉप्टरपासून वाचतील.

आपला नम्र,
एक वाचक, सातपूर, नाशिक