डिटेक्टर निवडण्याआधी आपण विचारलेल्या प्रश्नांबद्दल आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

जुनी नाणी, दागिने आणि गतकाळातील वस्तू शोधण्यासाठी कोणता मेटल डिटेक्टर घ्यावा, असे मी आपल्याला विचारले, तेव्हा आपण एकाही यंत्राचे नाव घेतले नाही. कोणत्या जमिनीवर फिरणार आणि मुख्यतः काय शोधणार, एवढेच आपण विचारले आणि माझ्या उत्तरांवरून निवड कशी ठरते ते सविस्तर समजावून सांगितले. हे आभार खासगी पत्रातही मानता आले असते. परंतु पहिले यंत्र घेऊ पाहणारे पुष्कळ जण अजूनही ‘ते किती खोल जाते’ या एकाच प्रश्नापाशी थांबतात. त्यांच्यापर्यंतही आपले म्हणणे पोहोचावे, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

खोलीचा आकडा वस्तूचा आकार, ती मातीत आडवी आहे की उभी आणि मातीत लोहखनिजे किती आहेत, यांवर अवलंबून असतो, हे आपण प्रथम स्पष्ट केले. चांगल्या जमिनीतही नाण्याएवढी वस्तू साधारणपणे वीतभर खोलीपर्यंतच खात्रीने ओळखता येते आणि खनिजयुक्त जमिनीत ही मर्यादा आणखी कमी होते. म्हणूनच ग्राउंड बॅलन्सची सोय, म्हणजे मातीचा स्वतःचा संकेत बाजूला सारण्याची सोय, खोलीच्या जाहिरातीपेक्षा अधिक मोलाची आहे, असे आपले मत होते आणि आता माझेही तेच मत आहे. त्याच ओघात आपण 1881 सालची हकिगत सांगितली. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी विद्युतचुंबकीय प्रवर्तनावर चालणारे उपकरण वापरले, पण गोळीची जागा सापडली नाही. बिछान्यातील धातूच्या स्प्रिंगांमुळे संकेत बिघडले, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. भोवतालचे धातू आणि खनिजे यंत्राच्या कानात काय सांगतात, याचा विचार आधी करावा लागतो, हे त्या उदाहरणाने माझ्या मनावर ठसले.

यंत्र जमिनीत सोडत असलेल्या संकेताच्या फ्रिक्वेन्सीविषयीचे (वारंवारतेविषयीचे) आपले विवेचन मला सर्वाधिक उपयोगी पडले. चांदी आणि तांबे हे उत्तम वाहक असल्याने त्यांच्या जाडसर नाण्यांना कमी फ्रिक्वेन्सी मानवते, तर सोन्याची नाजूक साखळी किंवा बारीक कर्णभूषण पकडायला अधिक फ्रिक्वेन्सी लागते. दोन्ही हवे असतील तर एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारे यंत्र घ्यावे. समुद्रकिनाऱ्यावरील ओल्या, खाऱ्या वाळूतही एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्रापेक्षा तेच स्थिर राहते. पल्स इंडक्शन यंत्रे, म्हणजे अखंड संकेताऐवजी विजेचे छोटे झटके सोडून प्रतिसाद टिपणारी यंत्रे, अशा वाळूत आणि खनिजयुक्त जमिनीत उत्तम चालतात. मात्र लोखंड आणि मौल्यवान धातू यांतला फरक ती नीट सांगू शकत नाहीत. मला जिथे शोध घ्यायचा होता, तिथे गंजलेल्या खिळ्यांची रेलचेल होती, म्हणून आपण तो पर्याय माझ्यासाठी बाजूला ठेवला.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट आपण आपल्या यंत्रावर प्रत्यक्ष दाखवली. सोन्याची अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी आळीपाळीने कॉइलसमोर, म्हणजे यंत्राच्या टोकाच्या शोधचकतीसमोर, धरली, तर पडद्यावर जवळजवळ सारखेच अंक उमटले. पडद्यावरचा हा अंक, म्हणजे टार्गेट आयडी, धातूचे नाव सांगत नाही. वस्तूची वाहकता, आकार आणि जाडी यांचा तो एकत्रित अंदाज असतो. त्यामुळे डिस्क्रिमिनेशन, म्हणजे नको त्या धातूंचे संकेत गाळण्याची सोय, वाढवून ॲल्युमिनियमचा कचरा वगळू पाहणारा माणूस त्याबरोबर सोन्याच्या अंगठ्याही वगळत असतो. ज्याला दागिने हवे आहेत, त्याने भरपूर कड्या आणि पत्र्याचे तुकडे उकरण्याची तयारी ठेवलीच पाहिजे. हे विकणारा सहसा सांगत नाही. आपण सांगितले, याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

कॉइलच्या बाबतीतही आपला सल्ला असाच नेमका होता. मोठी कॉइल मोठ्या वस्तू अधिक खोलवर टिपते आणि मोकळे रान लवकर पालथे घालते, पण खिळ्यांच्या गर्दीत तिच्याखाली एकाच वेळी अनेक वस्तू येतात आणि नाण्याचा संकेत लोखंडात बुडून जातो. तिथे छोटी कॉइल आणि एका संकेतातून लगेच सावरून पुढचा ऐकणारे यंत्र हवे. खनिजयुक्त मातीसाठी डबल-डी रचनेची, म्हणजे इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी मध्यभागी एकमेकांवर येणारी, कॉइल अधिक भरवशाची, हेही आपणच सुचवले. यंत्र हलके असावे, हेडफोन वापरावेत आणि पिनपॉइंटरसाठी, म्हणजे खड्ड्यातील वस्तूची नेमकी जागा दाखवणाऱ्या छोट्या हातयंत्रासाठी, पैसे आधीच बाजूला काढावेत, या सूचना मी तंतोतंत पाळल्या.

जुन्या वस्तूंबाबत आपण घातलेली अट मला सर्वांत आदरणीय वाटते. जमीनमालकाची परवानगी आणि तिथला कायदा पाहिल्याशिवाय यंत्र हाती घ्यायचे नाही, आणि संरक्षित स्थळी तर पाऊलही टाकायचे नाही, असे आपण बजावले. वस्तू ज्या थरात पडली आहे, तो थर तिच्या काळाचा पुरावा असतो आणि घाईने उकरल्यास तो कायमचा नष्ट होतो, हे त्यामागचे कारणही आपण समजावले. प्रत्येक वस्तूची जागा आणि खोली टिपून ठेवण्याची सवय मला त्यामुळेच लागली.

अनेक फ्रिक्वेन्सींचे यंत्र आणि मध्यम आकाराची डबल-डी कॉइल, अशी निवड आपल्या मार्गदर्शनाने झाली आणि ती माझ्या जमिनीला पूर्णपणे जुळली आहे. आता खिळ्यांच्या पट्ट्यासाठी एक छोटी कॉइल घेण्याचा विचार आहे. तिथल्या मातीचे वर्णन आणि आजवर मिळालेल्या वस्तूंच्या नोंदी वेगळ्या पत्राने पाठवते. सवडीने पाहून आपले मत कळवावे, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी