जुनी पिकअप घेताय? मीटर नंतर बघा, आधी गाडीखाली शिरा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वाहन पुरवण्यांमध्ये जुनी मोटार कशी पारखावी यावर अधूनमधून लेख येतात. जुन्या पिकअपबद्दल मात्र फारसे वाचायला मिळत नाही. वास्तविक तालुक्याच्या गावी भाजी, दूध, कांदा, मासळी, मंडपाचे सामान वाहणाऱ्या बोलेरो पिकअप, छोटा हत्ती, दोस्त, योद्धा यांतल्या कितीतरी गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या असतात. घेणारा बऱ्याचदा पहिल्यांदाच या धंद्यात उतरत असतो. गाडी बघायला गेला की तो रंग बघतो, मीटर बघतो, टायरला लाथ मारून बघतो. या तिन्ही गोष्टी विकणाऱ्याला आठवड्याभरात नव्यासारख्या करून घेता येतात. मीटरचे तर तासाभराचे काम.

मीटरचा हिशेब तसा सोपा आहे. रोज शंभर किलोमीटर आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी धंद्याची गाडी वर्षाला तीस हजार चालते. पाच वर्षांच्या पिकअपवर साठ हजार दिसत असतील तर एकतर मीटर मागे घेतलेले आहे, नाहीतर गाडी तीनेक वर्षे कुठेतरी पडून होती. क्लचच्या पेडलचे रबर, गिअरचा गोळा आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड किती झिजली आहे त्यावरून अंदाज येतोच. पण पिकअपच्या बाबतीत किलोमीटर हा दुय्यम मुद्दा. या गाडीचा जीव घेते ते वजन. रोज रात्री भाजी घेऊन वाशीच्या बाजाराला जाणारी, तीन लाख चाललेली गाडी महामार्गावर एका लयीत पळालेली असते. तिच्या इंजिनाचे काम कदाचित करावे लागेल, पण चासी सरळ सापडण्याची शक्यता जास्त. उलट वीटभट्टीवर किंवा वाळूत राबलेली ऐंशी हजारांची गाडी स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.

म्हणून पहिला प्रश्न असा की, हिने आजवर वाहिले काय? मालक खरे सांगेलच असे नाही, हौदा सांगतो. फाळक्याच्या बिजागऱ्या, हौद्याचे कोपरे आणि हौदा व चासी यांच्या मधली फट पेचकसाने खरवडून बघावी. वाळू, विटेचा लाल भुगा किंवा सिमेंटचा घट्ट थर निघाला की उत्तर मिळाले. हौद्याच्या जुन्या पत्र्यावर नवा जाड पत्रा मारला असेल तर खालचा का गेला ते विचारावे. बंदरावरच्या गाडीची गोष्ट आणखी वेगळी. मासळीच्या पेट्यांमधून बर्फाचे खारट पाणी सतत ठिबकते आणि चासीच्या पट्टीत साचून आतून लोखंड खाते. रत्नागिरी, मालवणकडची गाडी असेल तर लहान हातोडीने चासी टोकापासून टोकापर्यंत ठोकत जावी. खणखणीत आवाज आला तर ठीक, बसका आवाज आला तर तिथला पत्रा पातळ झाला आहे. खालून नुकताच काळा रंग मारलेली गाडी दिसली तर दुप्पट लक्ष द्यावे, कारण विकायच्या आधी कुणी हौसेने चासी रंगवत नाही.

चासी बघताना गाडी सपाट जागी रिकामी उभी करावी. केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची भिंत यांच्यातली फट दोन्ही बाजूंना, वर आणि खाली मोजावी. वर कमी, खाली जास्त असेल तर चासी दोन चाकांच्या मध्ये बसली आहे. उलट असेल तर मागच्या टोकाला वजन लादून ती मागून झुकली आहे. नंतर टेप घेऊन चासीची तिरकी मापे घ्यावीत. पुढच्या डाव्या बाजूची एखादी मूळ पिन किंवा भोक धरून मागच्या उजव्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) पिनेपर्यंत एक माप, आणि त्याच जागा उलट बाजूने धरून दुसरे. फरक सेंटिमीटरच्या आसपास गेला तर गाडी कुठेतरी जोरात आदळलेली आहे. चिरा शोधायच्या त्या केबिनच्या लगेच मागे आणि मागचे पाटे चासीला टांगणाऱ्या हँगरपाशी. तिथल्या रिव्हेटच्या भोकांतून बारीक चीर निघते आणि तिच्या कडेला गंजाची लालसर रेघ दिसते. चासीच्या पट्टीवर वेल्डिंगची किंवा ठिगळाची पट्टी दिसली तर भाव पाडत बसू नये, सरळ दुसरी गाडी बघावी. पट्टीच्या कडेला आडवे वेल्डिंग केले की उष्णतेने शेजारचे लोखंड कमजोर होते आणि पुढची चीर तिथूनच निघते.

मागचे पाटे मोजावेत. कंपनीचे पाटे किती ते त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीवरून कळते. एखादा पाटा वेगळ्या जाडीचा, वेगळ्या रंगाचा असेल आणि यू-बोल्ट लांब व नवे असतील, तर जादा पाटा टाकून गाडी क्षमतेपेक्षा जास्त वजनाला लावली होती हे उघड आहे. काही जण हा जादा पाटा ‘मजबुती’ म्हणून कौतुकाने दाखवतात! प्रत्यक्षात पाटे ताठ झाल्यावर खड्ड्याचा दणका पाट्यात मुरत नाही, तो हँगरमधून थेट चासीत जातो.

त्याहून घातक परिणाम ब्रेकवर होतो, आणि तो सहसा कुणी बघत नाही. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चासीवर बसवलेल्या या व्हॉल्व्हची दांडी मागच्या अॅक्सलला जोडलेली असते. हौद्यात वजन पडले की चासी खाली येते, दांडी हलते आणि मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त मिळतो. जादा पाटा टाकल्यावर गाडी भरूनही तेवढी खाली बसत नाही. व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते, मागचा ब्रेक कमी लागतो आणि घाटात सगळा भार पुढच्या ब्रेकवर येऊन ते तापतात. कित्येक गाड्यांत ही दांडी तारेने बांधून ठेवलेली किंवा काढून टाकलेली सापडते. गाडीखाली शिरल्यावर एवढी एक दांडी बघायला अर्धा मिनिट पुरतो.

मागच्या दोन्ही टायरच्या फक्त आतल्या कडा झिजल्या असतील तर अॅक्सलचे हाउसिंग वजनाने वाकल्याचा संशय घ्यावा. टायरच्या अंगावरचे चार अंक म्हणजे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर पण टायर सहा-सात वर्षांचा असेल तर भरल्या गाडीत तो फुटू शकतो. मोटारीचे हलके टायर टाकलेली पिकअपही बाजारात असते, म्हणून मापाबरोबर टायरची भार क्षमताही वाचावी.

इंजिन थंडच बघावे. आपण पोचण्याआधी गाडी गरम करून ठेवली असेल तर ती थंड होईपर्यंत चहा घ्यावा, कारण सकाळचे स्टार्टिंग हीच इंजिनाची खरी परीक्षा. रेडिएटरचे झाकण उघडून पाण्यावर तेलाचा तवंग आहे का आणि कूलंटऐवजी गंजाचे तांबडे पाणी आहे का ते बघावे. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ असेल तर त्यात पाणी गेले आहे. गाडी चालू झाल्यावर ऑइल भरायचे झाकण काढून तसेच तोंडावर उलटे ठेवावे. थोडेसे थरथरले तर हरकत नाही. उडून पडत असेल आणि धुराचे झोत येत असतील तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते आहे (सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली गळतो आहे), म्हणजे रिंगा-लायनरचे काम आलेच. निळा धूर म्हणजे ऑइल जळते. जोर दिल्यावर सतत काळा धूर येत असेल तर एअर फिल्टर, नोझल किंवा टर्बो तपासावा. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. वॉशिंग करून चकचकीत केलेले इंजिन बघून खूश होऊ नये, गळती लपवायचा तो सोपा मार्ग आहे.

बीएस-६ या प्रदूषण निकषाची गाडी, म्हणजे साधारण एप्रिल २०२० नंतरची, घेत असाल तर इंजिनातले बिघाड वाचणारा स्कॅनर लावल्याशिवाय व्यवहार करू नये. किल्ली ऑन केल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो मुळात लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद केला आहे. एग्झॉस्टचा फिल्टर किंवा सेन्सर गेला तर खर्च जुन्या इंजिनांच्या हिशेबात बसत नाही. सीएनजी गाडीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. ती तारीख टाकीवरच्या पाटीवर असते, आणि आरसीवरही सीएनजीची नोंद हवी.

रिकामी पिकअप चालवून काहीच कळत नाही. मालकाला सांगून निम्मे तरी वजन टाकावे, आणि जवळ चढ असेल तर तिकडेच घ्यावी. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर एकदम रेस द्यावी. आवाज वाढला पण वेग वाढला नाही तर क्लच प्लेट घसरते आहे. उतारावर रेस सोडल्यावर गिअर आपोआप सुटतो का ते बघावे. रेस देताना एक आणि सोडताना दुसरा असा ‘हूं’ आवाज मागून येत असेल तर मागच्या अॅक्सलमधले क्राउन-पिनियन हे गिअर झिजले आहेत, आणि गाडी सुटताना ‘टक्’ असे वाजले तर शाफ्टचा क्रॉस (सांधा) झिजला आहे. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढू नये. मालक वजन टाकायला अजिबात तयार नसेल तर त्यातच काय ते समजावे.

पुराची गाडी हा आपल्याकडचा खास धोका. २०१९ साली कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात असंख्य वाहने पाण्याखाली गेली. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ आहे का, फ्यूज बॉक्सच्या पिना हिरवट झाल्या आहेत का आणि हेडलाइटच्या आत माती आहे का ते बघावे. विमा कंपनीने पूर्ण नुकसान ठरवलेली गाडी दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येते तेव्हा ती नोंद ‘वाहन’ पोर्टलवर खरेदीदाराला दिसलीच पाहिजे, अशी परिवहन खात्याला आपल्या पत्रामार्फत विनंती आहे.

कागदपत्रांत आरसीवरचे एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन बघावे. त्यांतला फरक एवढेच वजन भरता येते; उदाहरणार्थ ३,४९० उणे १,७९० म्हणजे १,७०० किलो, आणि त्यात केबिनमधली माणसेही आली. यापेक्षा जास्त भरल्यास कायद्याने २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये, म्हणजे महिन्याची कमाई एका नाक्यावर. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, त्यावर लागते. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन-दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. आठ वर्षांनंतर पर्यावरण करही येतो. हौदा वाढवलेला किंवा उंच पिंजरा बसवलेला असेल तर मापे आरसीशी जुळत नाहीत आणि फिटनेसला गाडी परत पाठवतात. एम-परिवहन या सरकारी अॅपवर कर्जाचा बोजा, विमा, फिटनेस आणि कर, तर वाहतूक पोलिसांच्या संकेतस्थळावर थकीत ई-चलने तपासावीत. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी बसली आहे का तेही बघावे. चासी नंबर नुसता वाचू नये. कापडाने पुसून त्यावर कागद धरून पेन्सिलने छाप घ्यावी. अंकांची रेघ वाकडी असेल किंवा भोवती ग्राइंडरच्या खुणा असतील तर तिथून निघावे.

आणि स्टॅम्प पेपरवर व्यवहार करून ‘टीटी फॉर्मवर (नाव बदलण्याच्या फॉर्मवर) सह्या घेऊन ठेवल्यात, नावावर नंतर करू’ हा प्रकार थांबायला हवा. नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र, दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचे असते. ज्याचे नाव नोंदीत तोच मालक आणि अपघाताची जबाबदारी त्याचीच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे, तेव्हा घाई विकणाऱ्यालाही हवी. घेणाऱ्यानेही विमा कंपनीकडे चौदा दिवसांत अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. कर्ज थकल्यामुळे फायनान्स कंपनीने ओढून यार्डात लावलेली गाडी बोलीत घेत असाल तर थकीत कर आणि चलने कोण भरणार हे लेखी घ्यावे, आणि बोलीच्या आधी बॉनेट उघडून उंदरांनी वायरिंग कुरतडले आहे का तेवढे बघून घ्यावे.

आपला विश्वासू,
एक गॅरेजवाला, जि. सातारा