रात्रपाळीच्या मावशींना

मावशी,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे उघडं पत्र. कुणीतरी वाचून तुमच्या कानावर घालेल.

बाबांच्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. हातपाय गार, छातीत धडधड. "दीर्घ श्वास घे," असं दिवसभरात चार जणांनी सांगितलं होतं आणि मी इमानेइतबारे हवा आत ओढत होते. जितकी ओढावी तितकी कमीच पडत होती. फरशी पुसता पुसता तुम्ही थांबलात. म्हणालात, "घेऊ नका हो ताई, सोडा. तोंड मिटून नुसतं म्‌म्‌म् करा. जमेल तेवढं लांबवा."

मला वाटलं, ही काय गुणगुणायची वेळ आहे! तुम्ही स्वतः करून दाखवलंत. मग नाक चिमटीत धरायला लावलंत, आणि आवाज जागच्या जागी बंद! तशाही अवस्थेत हसू फुटलं. तोंड मिटून गुणगुणताना हवा नाकावाटेच बाहेर पडते, हे इतक्या वर्षांत कधी लक्षातच आलं नव्हतं. ओठ मिटून दात सुटे ठेवले की ओठांना गुदगुल्या होतात, कानांत बोटं घातली की तोच आवाज डोक्यात घुमतो, हेही तुम्हीच दाखवलंत. पाच-सहा वेळा केलं असेल. धडधड गेली नाही, पण मंदावली.

नंतर थोडं वाचलं. (पटल्याशिवाय मला चैन पडत नाही.) श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा संथ होतात, आणि आवाज लांबवायचा तर श्वास सावकाश सोडावाच लागतो. आकडे मोजायला नकोत, लक्ष ठेवायला नको. आवाजच लगाम धरतो. २००२ मध्ये स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांना दिसलं, की नुसता श्वास सोडण्यापेक्षा गुणगुणताना नाकातून १५ पट नायट्रिक ऑक्साइड बाहेर येतं. हा वायू सायनसच्या पोकळ्यांत तयार होतो आणि आवाजाच्या थरथरीने तिथली हवा खेळती होते. पण मन त्यानेच निवतं, असं मी म्हणणार नाही. गुणगुणण्याने सगळे रोग पळवणाऱ्यांपासून तर मी चार हात लांबच राहते.

योगात यालाच भ्रामरी म्हणतात. तुम्ही ते नाव घेतलं नाहीत, बरं झालं. नाहीतर मी पाठ ताठ करून आसन जमवत बसले असते आणि तेही जमत नाही म्हणून आणखी घाबरले असते.

तुम्ही बादली उचलून गेलात. मी बाबांच्या खाटेशेजारी येऊन कितीतरी वेळ हळूच म्‌म्‌म् करत राहिले. सकाळी स्ट्रेचरवर घेताना बाबांनी विचारलं, "रात्री खोलीत भुंगा शिरला होता का गं?"

मी हो म्हटलं.

ते आता बरे आहेत, मावशी.

तुमची,
बाकावरची ताई