सहा दिवसांबद्दल, तुझ्या मुलासाठी

प्रिय मित्रा,

प्रभूमध्ये सलाम.

तुझा मेसेज वाचला आणि खरंच वाईट वाटलं. पोरगा बायोलॉजी शिकायला लागल्यापासून चर्चच्या तरुण संघात जायला नको म्हणतोय, कारण तिथे कुणीतरी त्याला सांगितलंय की देवाने जग निर्माण केलं ते सहा दिवस चोवीस-चोवीस तासांचे मानत नसशील तर तुझा विश्वासच खोटा. फोनवर हे नीट बोलून होणार नाही म्हणून लिहितोय.

आधी त्याच्यासोबत बसून बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाचा, उत्पत्तीचा, पहिला अध्याय सावकाश वाच. पहिल्याच दिवशी संध्याकाळ होते, सकाळ होते, आणि सूर्य-चंद्र मात्र थेट चौथ्या दिवशी! हे डार्विननंतर कुणाच्या डोक्यात आलं असं नाहीये, तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने हाच प्रश्न विचारला होता की सूर्य नसताना ते तीन दिवस कसले. नंतर ऑगस्टीन या बिशपने याच अध्यायांवर मोठं भाष्य लिहिलं, त्याचं म्हणणं असं की देवाने सगळं एकदमच निर्माण केलं. अर्थात पृथ्वी कोट्यवधी वर्षं जुनी आहे असंही तो मानत नव्हता, त्याला आपल्या बाजूने ओढायला नको. पण त्याने एक इशारा दिलाय तो मला फार महत्त्वाचा वाटतो, की आकाश, तारे, पृथ्वी यांचं ज्ञान असलेल्या माणसापुढे ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावावर काहीतरी अडाणी बोलला, तर तो माणूस पुनरुत्थानाबद्दल तरी आपलं कशाला ऐकेल?

दुसरी बाजूही सांग त्याला. बासिलसारखे जुने शिक्षक दिवस चोवीस तासांचाच धरायचे, प्रोटेस्टंट सुधारणेचा पुढारी ल्यूथरही सहा साधे दिवस मानायचा, आणि बायबलमधल्या निर्गम पुस्तकाच्या २० व्या अध्यायात शब्बाथाची, म्हणजे सातव्या दिवशी विसावा घेण्याची, आज्ञा सहा दिवसांवरच उभी आहे. तसं मानणाऱ्यांना मूर्ख म्हणू नकोस. माझी तक्रार फक्त तेवढीच एक बाजू विश्वासाची परीक्षा म्हणून लावण्याबद्दल आहे.

जगाच्या निर्मितीचं म्हणून सांगतात ते इ.स.पू. ४००४ हे साल तर बायबलमध्ये कुठेच नाहीये, ते आयर्लंडच्या आर्चबिशप अशरने १६५० साली हिशेब करून काढलं आणि पुढे इंग्रजी बायबलच्या समासात छापलं जाऊ लागलं. आणि १९२५ साली अमेरिकेत शाळेत उत्क्रांती शिकवण्यावरून डेटन गावात खटला चालला, त्यात उत्क्रांतीच्या विरोधात उभा राहिलेला राजकारणी ब्रायन, त्याने सुद्धा साक्षीत कबूल केलं की हे दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असं नाही. पृथ्वी तरुण असल्याचा आजचा एवढा आग्रह मुख्यतः १९६० नंतर पसरलाय.

मी स्वतः कसं वाचतो ते सांगतो. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी ज्योती, म्हणजे सूर्य, चंद्र, तारे. दुसऱ्या दिवशी अंतराळ (म्हणजे आकाश) आणि पाणी वेगळं, पाचव्या दिवशी पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन, सहाव्या दिवशी जनावरं आणि माणूस. म्हणजे घर बांधून मग त्यात माणसं राहायला आणावीत तशी ही मांडणी आहे, एकामागून एक घडलेल्या घटनांची डायरी वाटत नाही मला. दुसऱ्या अध्यायात तर माणूस आधी आणि जनावरं नंतर येतात. आणि आजूबाजूचे लोक सूर्य-चंद्राची पूजा करत असताना इथे त्यांना नावही दिलेलं नाही, नुसत्या मोठी ज्योती आणि लहान ज्योती! मला तर हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

अवघड जागा आदामाची, म्हणजे बायबलमधल्या पहिल्या माणसाची आहे, ती लपवू नकोस. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात आदाम आणि ख्रिस्त समोरासमोर ठेवतो, एकामुळे पाप आलं, दुसऱ्यामुळे तारण, मग आदाम खरा एक माणूस होता की नाही यावर उत्क्रांती मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांमध्येही एकमत नाही. पोप पायस बारावे यांनी १९५० साली शरीराच्या उत्क्रांतीवर अभ्यास करायला मोकळीक दिली, पण आत्मा देवच निर्माण करतो आणि सगळी माणसं एकाच आदामापासून आली हे धरून ठेवलं. मी स्वतः आदामाला खरा माणूस मानतो, कसा आणि कधी ते मला सांगता येत नाही.

विश्वाच्या सुरुवातीबद्दलची बिग बँगची कल्पना मांडणारा शास्त्रज्ञ लमेत्र कॅथोलिक धर्मगुरू होता हे पोराला नक्की सांग, त्याला आवडेल. आणि तरुण संघाच्या लीडरशी भांडू नकोस, त्यांनाच एकदा घरी जेवायला बोलाव, मी पण येतो, वहिनींना सांग भाकरी जास्त टाका.

तुझाच,
जुना दोस्त