निफाडात बर्फ पडत नाही

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उत्तरेकडून गार वारे सुटले की दर हिवाळ्यात निफाडचे नाव पहिल्या पानावर झळकते. त्याला आम्हा निफाडकरांची हरकत नाही. हरकत आहे ती मथळ्याला. यंदाही बांधावरच्या गवतावर पांढरा थर बसल्याचा फोटो आपण छापलात. वर मथळा ‘बर्फाची चादर’, आत बातमीत तीच चादर ‘हिमवर्षाव’ झालेली, आणि शेवटच्या परिच्छेदात ‘गोठलेले दव’. त्यातले शेवटचे तेवढे खरे. पण तिथवर वाचतो कोण? दुपारपर्यंत पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांचे फोन सुरू झाले: बर्फ किती पडला, शनिवारी आलो तर पोरांना बघायला मिळेल का?

हिम पडायला आधी ढग लागतात. आमच्याकडे ज्या रात्री गवत पांढरे होते त्या रात्री आभाळ स्वच्छ असते आणि वारा पडलेला असतो. जमीन दिवसभराची उष्णता सोडत राहते आणि ती अडवायला वर काही नसते. गवताचे पाते, द्राक्षाचे पान, अंगणात उभ्या मोटारसायकलची सीट भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते आणि हवेतली वाफ तिथल्या तिथे गोठते. आभाळ भरून आले तर उलट आम्ही सुटकेचा श्वास टाकतो, कारण मग दहिवर, म्हणजे गोठलेले दव, धरत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर असतानाही शेजारचे गवत पांढरे दिसू शकते, ते यामुळेच. तापमापक जमिनीपासून चारेक फुटांवर पेटीत असतो आणि गवत असते जमिनीलगत. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दरवर्षी टिपले जाणारे ‘हिमकण’ही हेच.

ज्याची बाग आहे त्याला यात कौतुक वाटत नाही. पहाटे शेकोट्या करून बागेत धूर धरायचा, वीज असेल तर मोटर चालू करून बोदावर, म्हणजे वेलींच्या वरंब्यावर, पाणी सोडायचे. फुगवणीतला मणी थंडीने वाढायचा थांबतो. पिकायला लागून पाणी उतरलेल्या मण्याला तडा जातो, त्यातून रस पाझरला की शेजारचे मणी चिकट होतात, आणि मग बायामाणसे कात्री घेऊन घडातला एकेक मणी काढत बसतात. विकायला न्यावा तर व्यापारी ‘पिंक बेरी’, म्हणजे थंडीने गुलाबी पडलेला मणी, म्हणून भाव पाडतो. अशा सकाळी ‘निफाडचे झाले काश्मीर’ वाचायला मिळाले की चहाही गोड लागत नाही.

दोष एकट्या वार्ताहराचा म्हणता येणार नाही. घोळ फार जुना आहे. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात अवश्याय, नीहार, तुषार, तुहिन, हिम, प्रालेय, मिहिका हे सगळे एकाच ओळीत पर्याय म्हणून बसवले आहेत, म्हणजे दव, धुके, दहिवर आणि हिम एकाच पंगतीला. साठलेल्या हिमाच्या राशीला तेवढे ‘हिमानी’ हे वेगळे नाव आहे. पुढे यातले निम्मे शब्द आपण बारशाला वापरून टाकले. तुषारचे तर काय सांगावे! ‘या कुन्देन्दुतुषारहारधवला’मध्ये तो हिम आहे आणि आमच्या शेतात तो सिंचनाचा फवारा आहे.

मराठीला हिम पाहायला मिळाले नाही, म्हणून तिने ते अंगात घेतले. हिमाचे हिंव झाले, म्हणजे हुडहुडी. हिवाळा त्यातला आणि जिल्ह्याजिल्ह्यातल्या कार्यालयाच्या पाटीवरचा हिवतापही त्यातलाच. बर्फ हा फारसी शब्द. त्या भाषेत आकाशातून भुरभुरतो तो बर्फ, आणि गोठून दगड झालेले पाणी म्हणजे यख. आपल्याकडे मात्र 1830 च्या दशकात अमेरिकेहून जहाजांत भरून बर्फ मुंबईला येऊ लागला, पुढे कारखाने निघाले, आणि बर्फ म्हणजे लादी, गोळा आणि मासळीच्या पेटीतला चुरा हे पक्के झाले. मूळ अर्थाला जागली ती बर्फी. आणि ‘स्नो’ म्हणाल, तर आमच्या आजीच्या पिढीला तो चेहऱ्याला लावायच्या ‘अफगाण स्नो’च्या बाटलीतच भेटला. प्रक्षेपण गेले की टीव्हीच्या पडद्यावर इंग्रजांना स्नो दिसायचा, आपल्याला मुंग्या दिसल्या. हे मला फार आवडते.

जिथे हिमावर पोट आहे तिथे भाषा अशी सैल नसते. काश्मिरीत हिमाला शीन म्हणतात, आणि तो कधी पडला याला फार महत्त्व असते. 21 डिसेंबरपासूनचे 40 दिवस चिल्लई कलान, पुढचे 20 चिल्लई खुर्द, शेवटचे 10 चिल्लई बच्चा. कलानमधला शीन डोंगरावर घट्ट बसतो आणि उन्हाळ्यात झऱ्या-नाल्यांना पाणी पुरवतो. बच्च्यातला आला तसा जातो. तिथला शेतकरी ‘बर्फ पडला’ एवढ्यावर समाधान मानत नाही.

शब्द चुकला तर काय बिघडते, असे कुणी म्हणेल. 7 फेब्रुवारी 2021 ला उत्तराखंडातल्या चमोलीत पूर आला तेव्हा सगळीकडे ‘हिमनदी फुटली’ असे छापून आले. हिमनदी म्हणजे काही धरण नव्हे, फुटायला. शास्त्रज्ञांनी नंतर दाखवले की रोंती शिखराचा कडा सुटला होता, त्यात सुमारे 80 टक्के खडक आणि उरलेले हिम होते. दोनशेहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली, आणि पहिले काही दिवस लोक न फुटलेल्या हिमनदीबद्दल बोलत राहिले.

आमचे नुकसान त्या मानाने किरकोळ, पण तेही शब्दाला बांधलेले आहे. केंद्र सरकारच्या मदतीच्या यादीत गारपीट, हिमस्खलन आणि ‘दहिवर व थंडीची लाट’ या वेगवेगळ्या आपत्ती आहेत. यातली शेवटची 2012 साली यादीत आली. फळपीक विम्यातही गारपिटीचे संरक्षण वेगळा हप्ता भरून घ्यावे लागते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चात विदर्भ-मराठवाड्यात गारांचा खच पडला तेव्हाही फोटोंखाली ‘बर्फ’ लिहिलेला दिसला. गार उंच ढगात तयार होते आणि पानाची चाळण करते. दहिवर पानावरच तयार होते आणि पान करपवते. पंचनाम्याला आलेल्या माणसाच्या हातात वर्तमानपत्राचे कात्रण असेल आणि त्यावर ‘बर्फवृष्टी’ असेल, तर त्याने कोणत्या रकान्यात खूण करायची?

तेव्हा विनंती एवढीच. ढगातून भुरभुरले तर हिम किंवा हिमवर्षाव लिहावे, दगडासारखे आपटले तर गारा, आणि सकाळी गवतावर पांढरे दिसले तर दहिवर. लादीसाठी बर्फ हा शब्द आहेच. शिवाय पारा किती उतरला हे छापताना तो कोणत्या केंद्रावर मोजला तेही सोबत द्यावे, म्हणजे पाहुण्यांना फोनवर काय सांगायचे ते आम्हाला कळेल.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार,
ता. निफाड, जि. नाशिक